खाणीच्या रस्त्यावरून तीन दिवस

चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल आणि मधोमध खोगिरासारखी सीट. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पाच-दहा मिनिटांच्या चकरा मारणारी ही गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिला एटीव्ही म्हणतात, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारं वाहन. आपल्याकडे ती लहान मुलांची आणि नवविवाहित जोडप्यांची करमणूक. अमेरिकेत मात्र या गाडीवर बसून डोंगरात तीन-तीन, चार-चार दिवस भटकणाऱ्यांची मोठी जमात आहे. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायचा, त्यावर गाड्या चढवून साखळ्यांनी आवळायच्या, आठ-दहा तासांचा प्रवास करून डोंगराच्या पायथ्याशी यायचं. मग सकाळी चिखल उडवत निघायचं ते संध्याकाळी दुसऱ्याच गावात उतरायचं.

मागच्या ऑक्टोबरात ऑफिसमधल्या तिघांबरोबर मी अशाच एका सफरीला गेलो. ठिकाण होतं वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिणेचे डोंगर आणि तिथली 'हॅटफिल्ड-मॅककॉय' नावाची मार्गव्यवस्था. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा इरादा नाही, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी घुग्गुसचा. अब्बांनी आयुष्यभर उघड्या खाणीत डंपर चालवला. त्यामुळे त्या डोंगरात माझ्या सोबत्यांना जे दिसत होतं त्यापेक्षा मला थोडं वेगळं दिसत होतं, आणि त्यावर बोलणं मला गरजेचं वाटतं.

आधी ही व्यवस्था काय आहे ते सांगतो. 1996 साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून एक प्राधिकरण स्थापन केलं. 2000 च्या ऑक्टोबरात पहिले मार्ग खुले झाले. आज त्यांची एकूण लांबी 1000 मैलांच्या, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या वर गेली आहे. वर्षाला 50,000 हून जास्त परवाने विकले जातात आणि घेणारे बहुतेक परराज्यातले असतात. प्रत्येक मार्गाला क्रमांक आहे आणि अवघडपणानुसार रंग: हिरवा सोपा, निळा मध्यम, काळा कठीण. हेल्मेट सक्तीचं, दारू बंद, एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दुसऱ्याला बसवायचं नाही, आखलेला मार्ग सोडायचा नाही. वनरक्षक मधूनमधून थांबवून परवाना तपासतात. वाटेवरच्या कित्येक गावांनी आपल्या डांबरी रस्त्यांवरही या गाड्यांना मुभा दिली आहे. त्यामुळे पेट्रोल पंप, किराणा दुकान, मुक्कामाचं घर, सगळीकडे चिखलाने माखलेली तीच गाडी घेऊन जाता येतं. पहिल्या संध्याकाळी एका छोट्या हॉटेलबाहेर आम्ही गाड्या लावल्या तेव्हा तिथे चारचाकी मोटार एकच उभी होती.

आम्ही दोन एटीव्ही आणि एक साइड-बाय-साइड भाड्याने घेतली होती. साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीटा, स्टीअरिंग आणि पट्टे असलेला तिचाच थोरला भाऊ. मेटवन गावातून निघून गिल्बर्ट, तिथून मॅन, आणि परत. एटीव्ही चालवणं बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. खोगिरावर नुसतं बसून राहिलात तर पहिल्याच दगडाळ चढावर कंबर बोलायला लागते. पायठेपांवर उभं राहावं लागतं, चढावर छाती हँडलवर झुकवावी लागते, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कलावं लागतं. भाड्याच्या दुकानातल्या पोराने निघताना एकच गोष्ट तीनदा बजावली: चढ आला की 'लो'मध्ये टाका. या गाड्यांत गिअरऐवजी रबरी पट्टा असतो. 'हाय'मध्ये सावकाश चढत राहिलं की तो घसरून तापतो, जळका वास येतो आणि मग डोंगरात गाडी ढकलायची वेळ येते. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. हे अब्बांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेलं. भरलेला डंपर उतारावर ब्रेकने नाही, गिअरने उतरवतात, असं ते सांगायचे.

खाण्याचा आणि नमाजचा प्रश्न इकडचे वाचक हमखास विचारतात, म्हणून तो एकदाच सांगून संपवतो. त्या गावांत हलाल मांस मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अंडी, मासे, पांढऱ्या घेवड्याची उसळ म्हणता येईल असा एक पदार्थ आणि मक्याचा पाव, यावर तीन दिवस मजेत गेले. सकाळी वुजू करून चढवलेले घोट्याच्या वरचे बूट दिवसभर उतरवले नाहीत, मसहची सवलत अशा प्रवासासाठीच आहे असं वाटून गेलं. दुपारी मी बाजूला जाकीट अंथरलं की सोबती इंजिनं बंद करून सँडविच खात बसत. ज्या जिल्ह्यांत एका पक्षाला दहापैकी सात-आठ मतं पडतात तिथे माझं नाव परवान्यावर वाचून कुणी भुवई उंचावली का? नाही. त्यावरून 'माणसं सगळीकडे चांगलीच असतात' असा निष्कर्षही मी काढणार नाही. मी गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईकाशी कुठलंही गाव नीटच वागतं.

पहिल्या दिवशी दोन-अडीच तास झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा रस्ता गाडीवाल्यांच्या मौजेसाठी कापलेलाच नाही. चढ एका ठरावीक तिरकसपणाच्या पुढे जात नव्हता. वळणं गरजेपेक्षा कितीतरी रुंद होती. पानांच्या थराखाली जमीन दगडासारखी घट्ट होती, आणि टायर जिथे पानं उकरत होते तिथे काळा, पत्र्यासारखा सुटणारा दगड निघत होता. एका ठिकाणी डाव्या हाताला सरळ उभी कापलेली कातळाची भिंत आणि समोर टेबलासारखा सपाट पट्टा. अशी भिंत निसर्ग बांधत नाही. कोळशाचा थर गाठण्यासाठी डोंगराच्या कडेने कापत गेलं की ती मागे उरते. आम्ही खाणीच्या रस्त्यांवरून चाललो होतो. कुठे कोळसा वाहणारे, कुठे ओंडके ओढणारे, कुठे गॅसच्या विहिरींकडे जाणारे. निम्म्याहून अधिक करमणूक आधीच कापून ठेवलेली होती. प्राधिकरणाने पाट्या लावल्या, नकाशे छापले आणि धोक्याचे कोपरे सुधारले.

सोबत्यांपैकी एकाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बरं आहे की, रस्ते वाया गेले नाहीत." त्याचं म्हणणं चूक नाही. पण तेवढ्यावर थांबता येत नाही.

एटीव्हीविषयी दोन मतं नेहमी ऐकू येतात. पहिलं पायी चालणाऱ्यांचं. आवाज, धूर, उकरलेली माती, पळून गेलेली जनावरं, आणि घाम न गाळता डोंगर बघायला निघालेले लोक. आपल्या सह्याद्रीत फिरणाऱ्या मंडळींनाही हे मत लगेच पटेल. त्यात तथ्य आहे. अमेरिकेत 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सार्वजनिक जमिनींवर अशी वाहनं कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवून देण्याचा आदेश काढावा लागला, तो याच तक्रारींमुळे. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरांना हा आक्षेप नीटसा लागू पडत नाही. ज्या डोंगराचं शिखर सुरुंगाने उडवून दरीत लोटलं गेलं, ज्याच्या पोटातून शंभर वर्षं रेल्वेगाड्या भरून कोळसा गेला, त्याच्या अंगावरून चार टायरांची गाडी गेली म्हणून शांतता भंगली असं म्हणणाऱ्याने आधीचे आवाज ऐकलेले नाहीत.

दुसरं मत पर्यटनवाल्यांचं. कोळसा गेला, पर्यटन आलं, गावं सावरली. हे मत जास्त धोक्याचं आहे, कारण ते अर्धं खरं आहे.

ही जमीन कुणाची? अमेरिकेच्या पश्चिमेकडे असे मार्ग बहुधा सरकारी वनजमिनीवरून जातात. इथे तसं नाही. या मार्गांची बहुतांश जमीन खासगी आहे, आणि खासगी म्हणजे गावकऱ्यांची नव्हे. ती कोळशाच्या, लाकडाच्या, गॅसच्या आणि नुसती जमीन धरून ठेवणाऱ्या कंपन्यांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रेल्वे येण्याच्या सुमारास, या दऱ्यांमधल्या शेतकऱ्यांकडून जमिनी आणि जमिनीखालचे हक्क विकत घेतले गेले. कित्येकदा वरची माती एकाची, खालचा कोळसा दुसऱ्याचा, अशा वाटण्या झाल्या. अॅपलेशिया प्रदेशातल्या जमीनमालकीचा एक मोठा अभ्यास 1981 साली कार्यकर्ते आणि संशोधकांनी मिळून पुरा केला. जिथे सर्वात जास्त कोळसा तिथे सर्वात जास्त जमीन बाहेरच्यांच्या हातात, असंच चित्र त्यातून समोर आलं. आज प्राधिकरण या कंपन्यांकडून वापराची परवानगी घेतं आणि अपघाताच्या दाव्यांचा बोजा स्वतःच्या विम्यावर उचलतं. कंपनीला उद्या पुन्हा तिथे खणायचं किंवा झाडं तोडायची असतील तर मार्ग वळवला जातो. डोंगर कंपनीचा, परवाना प्राधिकरणाचा, गाडी पाहुण्याची, आणि गावकऱ्याच्या वाट्याला पाहुण्याच्या खोलीच्या चादरी बदलण्याचं काम.

पिढ्यान् पिढ्या हे लोक त्याच डोंगरात शिकार करत, जिनसेंगची मुळं खणत, पुढे स्वतःच्या जुन्या एटीव्ही घेऊन फिरत. कागदोपत्री ती घुसखोरीच होती, पण कंपनी सहसा हटकत नसे. मार्ग आखले गेले तसं हे न लिहिलेलं चालणं संपलं. स्थानिकांना परवाना स्वस्तात मिळतो हे खरं, पण परवाना घ्यावा लागतोच. वनहक्कासाठी भांडणाऱ्या गडचिरोलीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आता नावाकडे वळू. हॅटफिल्ड आणि मॅककॉय ही टग फोर्क नदीच्या दोन काठांवरची दोन घराणी. एक काठ वेस्ट व्हर्जिनियाचा, दुसरा केंटकीचा. 1878 मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला झाला. 1882 मध्ये निवडणुकीच्या दिवशी मारामारीत एलिसन हॅटफिल्ड जखमी होऊन मेला, त्याच्या बदल्यात मॅककॉयांच्या तीन भावांना झुडपांना बांधून गोळ्या घातल्या गेल्या. 1888 च्या नववर्षाच्या रात्री मॅककॉयांचं घर जाळलं गेलं. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी या प्रकरणावर वर्षानुवर्षं रकाने भरले आणि डोंगरी माणूस म्हणजे दारू गाळणारा, बंदूक चालवणारा, रक्तपिपासू रानटी, हे चित्र देशभर पक्कं केलं. इतिहासकार अल्टिना वॉलर यांनी 1988 सालच्या आपल्या पुस्तकात या वैराच्या मागची जमिनीची, लाकडाच्या धंद्याची आणि येऊ घातलेल्या रेल्वेची बाजू उलगडून दाखवली. 'डेव्हिल' ॲन्स हॅटफिल्डने पेरी क्लाइन या माणसाकडून न्यायालयामार्फत पाच हजार एकर जमीन मिळवली होती. हाच क्लाइन पुढे वकील झाला आणि मॅककॉयांच्या बाजूने जुनं प्रकरण त्याने उकरून काढलं. शेवटी ॲन्सला ती जमीन विकून डोंगराच्या आत सरकावं लागलं. जमीन गेली कोळशाच्या व्यवहारात. एखाद्या समाजाला आधी रानटी ठरवायचं आणि मग त्याच्या जमिनीवर 'सुधारणा' आणायची, ही रीत आपल्याला नवी नाही. 1871 साली इंग्रजांनी इथे आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पारध्यांना त्या शिक्क्याचे चटके अजूनही बसतात. शिक्का मारून घेणं म्हणजे काय, हे ज्यांना रोजच्या बातम्यांतून कळतं त्यांना मी काय सांगावं.

गंमत अशी की ज्या शिक्क्याने हे लोक बदनाम झाले, तोच आता पाटीवर आहे. दाढीवाला बंदूकधारी टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, हॉटेलच्या मेन्यूवर. गावकरी तो विकतात आणि हसतात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. दुसरं विकायला आहे काय?

खरं तर होतं. ज्या मेटवनमधून आम्ही निघालो तिथे 19 मे 1920 रोजी भर रस्त्यात गोळीबार झाला. युनियनमध्ये गेलेल्या खाणकामगारांना कंपनीच्या घरांतून हुसकून द्यायला खासगी डिटेक्टिव्ह आले होते. गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड कामगारांच्या बाजूने उभा राहिला. दहा माणसं मेली: सात डिटेक्टिव्ह, दोन खाणकामगार आणि गावचा महापौर. पुढच्या वर्षी 1 ऑगस्टला वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर सिडचा खून झाला. त्यानंतर महिन्याभरातच सुमारे दहा हजार कामगार गळ्यात लाल रुमाल बांधून ब्लेअर डोंगराकडे निघाले. गोरे होते, दक्षिणेतून आलेले काळे होते, इटलीहून आलेले होते. आपसांत भांडत राहावेत म्हणून कंपन्यांनी ज्यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलं, तेच एका रांगेत उभे राहिले. त्यांच्यावर खासगी विमानांतून बॉम्ब टाकले गेले, आणि शेवटी केंद्राचं सैन्य आल्यावर त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. अमेरिकेतला हा कामगारांचा सर्वात मोठा सशस्त्र उठाव. तरीही कित्येक दशकं तो राज्याच्या शालेय पुस्तकांत जवळजवळ नव्हताच. मेटवनमध्ये 2015 साली या लढ्याचं एक छोटं संग्रहालय लोकांनी उभं केलं. आम्ही तिथे पाऊण तास होतो. सोबत्यांना वाटेला लागायची घाई होती.

मार्गाला वैराचं नाव मिळालं, उठावाचं नाही मिळालं. दोन कुटुंबं एकमेकांना मारतात ही कहाणी कुठल्याच जमीनमालकाला अडचणीची नाही. दहा हजार कामगार जातपात, रंग विसरून एकत्र येतात, ही आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅनला पोचलो. ग्वायनडॉट नदीला तिथे बफेलो क्रीक नावाचा ओढा येऊन मिळतो. 26 फेब्रुवारी 1972 च्या सकाळी या ओढ्याच्या वरच्या अंगाला खाणीच्या टाकाऊ मालाने बांधलेला बंधारा फुटला. काळ्या पाण्याचा लोंढा एकामागून एक वस्त्या घेऊन खाली आला. 125 माणसं मेली, सुमारे चार हजार बेघर झाली. कंपनीने त्याला देवाची करणी म्हटलं. हे वाचून मला राग आला नाही, ओळख पटली. आमच्याकडे वर्धा नदीच्या काठी ओबीचे, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे, डोंगर उभे आहेत. पुराच्या वर्षी पाणी अडतं, शेतं बुडतात, आणि दरवेळी पाऊस जास्त झाला असंच सांगितलं जातं. त्या दुपारी मॅनमधल्या पुलावर वीसेक एटीव्ही रांगेने उभ्या होत्या. लोक फोटो काढत होते, ओढा संथ होता. ओढ्याची माहिती देणारी पाटी आहे, पण ती वाचायला हेल्मेट काढावं लागतं.

गिल्बर्टच्या ज्या घरात आम्ही मुक्काम केला त्याच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या. नवरा खाणीत होता, आता फुप्फुसं कोळशाच्या धुळीने निकामी झालेली, हॉलमध्ये ऑक्सिजनच्या नळीसह बसलेला. मी वर लिहिलंय त्यातलं थोडं मी त्यांच्याकडे बोललो. जमीन कंपनीचीच राहिली, तुम्हाला काय मिळालं, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खिडकीतून शेजारचं घर दाखवलं. छप्पर आत कोसळलेलं, दारातून झाड वर आलेलं. म्हणाल्या, "चार खोल्या भाड्याने जातात म्हणून हे घर उभं आहे. त्यांची पोरं ओहायोला गेली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते बनवूनही देत नाही. शेजारच्या मॅकडॉवेल जिल्ह्याची लोकसंख्या 1950 मध्ये लाखाच्या जवळ होती, 2020 मध्ये ती वीस हजारांच्याही खाली आली. आधुनिक काळातला अमेरिकेतला पहिला अन्न-कुपनांचा लाभार्थी 1961 मध्ये याच जिल्ह्यातला एक बेकार खाणकामगार होता. परतीच्या वाटेवर आम्ही वेल्चच्या मुख्य रस्त्यावरून गेलो. तीन-चार मजली दगडी इमारती, खाली फळ्या ठोकलेली दुकानं. ज्या गावात माणूसच उरत नाही तिथे चार खोल्यांचं भाडं ही लहान गोष्ट नाही.

म्हणून माझं मत असं आहे. ही मार्गव्यवस्था बंद व्हावी असं मला वाटत नाही. उलट तिच्या शिस्तीचं कौतुक आहे. वेस्ट व्हर्जिनिया एटीव्ही अपघातांतल्या मृत्यूंच्या बाबतीत देशातल्या सर्वात वाईट राज्यांपैकी एक राहिलेलं आहे, आणि त्यातले पुष्कळ मृत्यू आखीव मार्गांबाहेर, डांबरी रस्त्यांवर, हेल्मेटशिवाय होतात. या मार्गांवर मात्र सातवीतल्या पोरापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं. माझी हरकत हिशेबाला आहे. शंभर वर्षं डोंगर पोखरून झाल्यावर जमीन ज्याची होती त्याच्याकडेच राहिली, जबाबदारी सरकारने उचलली, आणि गावाला मिळाला हंगामी रोजगार. युनियन असलेल्या खाणकामगाराला पेन्शन होतं, दवाखाना होता. त्यासाठी लोक मेले होते. खोल्या झाडणाऱ्या बाईला त्यातलं काहीच नाही. कोळसा गेला त्याबरोबर फक्त धूळ गेली नाही, लढून मिळवलेलंही गेलं. याला 'गाव सावरलं' म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग पूर्ण वाक्य म्हणा.

हे सगळं घुग्गुसला, वणीला, राजुऱ्याला, बल्लारपूरला बसून वाचणाऱ्यांसाठी लिहितोय. आपल्याकडे कोळसा अजून निघतो आहे, पण एकेक खाण बंद होतेच आहे. वरोऱ्याची इंग्रजांच्या काळातली खाण तर आता म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. आमच्या क्वार्टरच्या ओळीत तेलुगू बोलणारे होते, छत्तीसगडी होते, भोजपुरी होते, आम्ही दखनी बोलणारे होतो आणि शाळेत सगळे मराठी. भोंगा वाजला की सगळ्यांच्या घरचा चहा एकाच वेळी उकळायचा. ती ओळ आता अर्धी रिकामी आहे. मुलं पुण्याला, हैदराबादला, आणि माझ्यासारखी त्याहून लांब.

नागपूरजवळ सावनेरला जुन्या खाणीच्या जागी बाग करून खाण-पर्यटन सुरू झाल्याला काही वर्षं झाली. सहलीच्या बस जातात, पोरं मोठे दिवे लावलेली टोपी घालून फोटो काढतात. उद्या कुणीतरी ओबीच्या ढिगाऱ्यांवर एटीव्हीचे मार्ग आखण्याची योजना घेऊन येईल, याबद्दल मला शंका नाही. चंद्रपुरात मात्र त्याला आधी वाघांची परवानगी घ्यावी लागेल, कारण दुर्गापूरकडच्या ढिगाऱ्यांवर वाढलेल्या काटेरी बाभळीत ते केव्हाच मुक्कामाला आले आहेत. ते असो. योजना आलीच तर मी विरोध करणार नाही. मला काही प्रश्न विचारायचे आहेत, आणि ते खाण चालू असतानाच विचारायला हवेत.

2009 पासून आपल्याकडे प्रत्येक कोळसा खाणीचा बंद करण्याचा आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात दरवर्षी भरावे लागतात. हा आराखडा तुमच्या ग्रामपंचायतीत कुणी वाचला आहे का? त्यात जमीन समतल करणं आहे, झाडं लावणं आहे, कुंपण आहे. ज्यांच्या शेतजमिनी खाणीसाठी गेल्या त्यांना ती जमीन परत मिळेल का, मिळाली तर कुठल्या नावाने, खड्ड्यात साठलेल्या पाण्यावर हक्क कुणाचा, ठेक्यावर काम करणाऱ्या पोरांचं काय? कायम नोकरीवाल्यांची युनियन आहे, ठेकेदाराच्या कामगाराची नाही. आमच्या मोहल्ल्यातली बरीच पोरं ठेकेदाराकडेच आहेत. जमीन गेली त्यात कुणबी होते, गोंड होते, काही मुसलमानही होते. नोकरी मिळाली ती एका घरातून एकाला. त्याची मुलं आज ट्रक धुतात.

फोनवर अब्बांना मी त्या डोंगरातल्या रस्त्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी दोनदा पाहिला. म्हणाले, रस्ता चांगला बांधलाय, पण बाहेरच्या कडेला मातीचा बांध ठेवलेला नाही. डंपरच्या रस्त्याला कमरेएवढा तरी बांध लागतो, नाहीतर रात्रपाळीत माणूस खाली जातो. मग विचारलं, खाण बंद झाल्यावर तिथल्या ड्रायव्हर लोकांना कुठे घेतलं.